नाव घेताच नाचणारा पाय

सुक्याच्या अंगणात उभं राहायला जागा नव्हती. म्हसा गावच्या जत्रेत गाजलेले सावळाराम महाराज आमच्या ठाकरवाडीत आले होते. सुक्याच्या पायात शिरलेलं भूत कोणी धाडलं, ते आज भुताकडूनच वदवून घेणार होते. भुताला वाचा नसल्यामुळे ते पाय हलवून सांगणार होतं. मुरबाडच्या बाजाराला निघालेले तिघे अर्ध्या वाटेवरून परतले होते, आणि मी, वाडीच्या शाळेचा मास्तर, शाळा सोडून पुढच्या रांगेत बसलो होतो. साल एकोणीसशे अठ्ठावन्न.

दोन वर्षांपूर्वी सुक्या राबासाठी, म्हणजे भाताच्या रोपांची जमीन भाजायला, ऐनाच्या फांद्या तोडताना झाडावरून पडला. पाठीला मार बसला, कमरेखालचा जोर गेला. काही महिन्यांनी नवंच सुरू झालं. दिवसा पाय ओंडक्यासारखे पडून असायचे, पण रात्री पोटऱ्या दगडासारख्या आवळायच्या, गुडघे आपोआप छातीकडे ओढले जायचे, पाय गोधडी झुगारून थडथडायचे. बायको देवकी ते दाबून धरायची. शेजारच्या झोपडीतली त्याची विधवा आत्या बाईजा रोज रात्री दिवा घेऊन यायची आणि पहाटेपर्यंत पाय चोळत बसायची.

"हे भूत अडाणी नाही," महाराज सांगत होते. "अकरा स्मशानांत शिकून आलंय. पण आम्ही त्याचे हेडमास्तर."

हेडमास्तरांचा असा मान झालेला पाहून मलाही बरं वाटलं.

महाराजांनी सुक्याची टाच मांडीवर घेतली, तळपायाला भस्म फासलं आणि वाडीतल्या बायकांची नावं घ्यायला सुरुवात केली.

"जनाबाई." पाय स्वस्थ. "गंगी." स्वस्थ. "चिमा." स्वस्थ. दर नावागणिक एकेका घरचा माणूस सुटकेचा श्वास टाकत होता.

"बाईजा."

महाराजांचा भस्माचा हात तळपायावर दाबला गेला आणि पाऊल थडथडू लागलं. वर-खाली, वर-खाली, तालात. महाराजांनी डोळे मिटले. हात काढला, पाऊल थांबलं.

रोज रात्री बाईजा दिवा घेऊन कुठे जाते, हे सगळ्यांना एकदम आठवलं. आदल्या दिवशी तिने महाराजांना कोंबडी नाकारली होती, ते मात्र कोणालाच आठवलं नाही.

"दिवस मावळायच्या आत हिला वाडीबाहेर काढा. झोपडी जाळा," महाराज शांतपणे म्हणाले.

सुक्या म्हणाला, "आत्या तसली नाय." पण भूत अंगात असलेल्याचं कोण ऐकणार? शेजारचा गुणा गवताची चूड शोधायला उठला. देवकी मान खाली घालून म्हणाली, "आते, काय खरं आसंल ते सांग गो. दोन वर्सं मला झोप नाय."

बाईजा गर्दीतून पुढे आली. "सरका महाराज. पाय माज्याकडं द्या."

"बाई, भूत तुला ओळखतं."

"मी पन त्याला वळखते. रोजचंच हाय."

तिने सुक्याचा गुडघा जरासा वाकवला, एका हाताने टाच धरली, दुसऱ्याने चवडा झटकन वर रेटून धरला आणि म्हणाली, "सावळाराम महाराज."

पाऊल थडथडू लागलं. तिने हात सोडला, थांबलं.

"गुणा." पुन्हा रेटा, पुन्हा थडथड. गुणा होता तिथेच उभा राहिला.

"गुरुजी, तुमचं नाव काय?"

"कमळाकर," मी सांगितलं. पाऊल माझ्याही नावाने नाचलं.

मग ती हळू आवाजात "बाईजा" म्हणाली आणि पाऊल नुसतं धरून बसली. ते हललं नाही.

कोणीतरी हसलं, मग बरेच हसले. महाराज म्हणाले, "भूत चिडलंय. आता ते खोटं बोलतंय."

"मंग मगाशी खरं बोलत व्हतं कशावरून?" बाईजाने विचारलं.

महाराजांना एकाएकी आसनगावची गाडी आठवली. भस्माची पुरचुंडीही विसरून ते निघाले.

संध्याकाळी देवकी स्वतः बाईजाला बोलवायला गेली. दुसऱ्या दिवशी आम्ही सुक्याला बैलगाडीत घालून मुरबाडच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनीही चवडा तसाच रेटला, पाऊल तसंच नाचलं.

"मेंदूचे हुकूम पाठीच्या कण्यातल्या दोरीतून पायाला जातात," ते म्हणाले. "ती दोरी दुखावली आहे. स्नायू झटक्याने ताणला की तो आपोआप आवळतो, आणि त्याला आवर म्हणणारा वरचा हुकूम पोचत नाही. ताण राहिला की पुन्हा आवळतो. तेच हे नाचणं. रात्री गोधडीची ओढ, तुंबलेली लघवी, न कळलेली जखम, एवढंही त्याला पुरतं."

त्यांनी सुक्याची टाच उलटून दाखवली. तिथे रुपयाएवढी जखम होती. सुक्याला ती जाणवत नव्हती, आणि भुताच्या शोधात असलेल्या आम्हा कोणाला दिसली नव्हती.

"बरा होईल का?" देवकीने विचारलं.

"पाय चालतील असं सांगत नाही. झोप मात्र लागेल."

जखम बांधायची, रोज तळपाय तपासायचे, निजण्याआधी लघवी करवायची, पाय सावकाश ताणून थोडा वेळ तसेच धरायचे, गुडघ्याखाली गोधडीची वळकटी द्यायची. मंत्र एवढेच. दीड महिन्यात जखम भरली. पाय अजूनही रात्रीतून एक-दोनदा आवळतात, पण देवकी झोपते, आणि बाईजा आपल्या घरी झोपते.

गुणा चूड शोधत होता तेव्हा मी त्याला अडवलं नव्हतं. मी शिकलेला होतो आणि गप्प बसलो होतो. ज्या बाईने अक्षर गिरवलं नव्हतं, तिने हाताखालचा पाय कशाने नाचतो ते रोज नीट पाहिलं होतं, म्हणून ती वाचली. तेव्हा कोणी चमत्कार दाखवला तर हात जोडण्याआधी चमत्काराची वस्तू त्याच्याकडून मागून घ्या आणि स्वतः करून पाहा. तो देत नसेल, तर का देत नाही ते चारचौघांत विचारा.