बिनकामाचं चालणं

सूनबाईने ताटातली साखर उचलली तेव्हा म्हातारा आता भांडणार असंच घराला वाटलं होतं. तो भांडला नाही. समोर उरलं ते खाल्लं, हात धुतले आणि ओट्यावर जाऊन बसला. म्हातारी गेल्यापासून त्याच्या जिभेला गोड काय नि कडू काय, सगळं सारखंच होतं. हाताला सवय म्हणून तो खायचा. त्या सवयीनेच अंग सुटलं होतं आणि पाय सुजले होते.

"वजन उतरलं नाही तर अंथरूण धराल, असं डॉक्टर म्हणालेत," भांडी आवरता आवरता ती बोलत राहिली. "त्यांनी सांगितलेली फळं काही आपल्याला परवडायची नाहीत. बांधावरचा पाला, मुळा, काकडी आणि कोंड्यासकट पीठ, एवढं रानातलं खा. आणि कालव्यापर्यंत रोज चालायचं, मामंजी."

"कशाला?"

"कशाला म्हणजे? चालायला."

हे मात्र त्याच्या डोक्यात शिरेना. उभ्या जन्मात तो बिनकामाचा चालला नव्हता. गावात कुणीच तसं चालत नसे. रिकाम्या हाताने कुणी निघालं की दुकानाच्या पायरीवरची मंडळी हटकायची, "कुणीकडे?" पहिल्या दिवशी म्हाताऱ्याला उत्तर सुचलं नाही. तो तसाच माघारी फिरला. दुसऱ्या दिवशी त्याने गोठ्यातल्या बैलाचं दावं सोडलं. आता सांगायला झालं, बैल फिरवतोय.

बैलाला सगळे भोपळ्या म्हणायचे. जोडीतला दुसरा मेला होता आणि मुलाने ट्रॅक्टर आणल्यावर ह्याला काम उरलं नव्हतं. बसून खाऊन तोही मालकासारखाच सुटला होता. मुलगा त्याला विकायला टपलेला, पण असला धापा टाकणारा बैल घेणार कोण? हा गेला की आपल्या वेळचं घरात कुणी उरणार नाही, एवढं म्हाताऱ्याला कळत होतं. बाकी कशाचं त्याला काही वाटत नव्हतं.

पहिल्यांदा दोघं विहिरीपर्यंतच गेले. मग लोहाराच्या भट्टीपर्यंत. सूनबाई रोजचा टप्पा ठरवून द्यायची, वाटेत खायला काकडी द्यायची. रानातली ढेकळं उन्हाने दगड झाली होती. त्यांतून दोघं मुकाट चालायचे. पावसाळा सरला, कापणी उरकली तेव्हा ते न थांबता कालवा गाठत होते. बैलाचं पोट आत गेलं, कातडी चमकायला लागली.

"मामंजी, सदरा ढगळ झाला की तुमचा."

"होय का," तो म्हणाला. आनंद झाला की नाही, हे त्याचं त्यालाच उमगलं नाही.

पुढच्या गावचा तेलाचा घाणेवाला कालव्यावरून चालला होता. त्याने बैलाची चाल पाहिली आणि तो थेट घरी आला. सौदा व्हायला वेळ लागला नाही.

"काय तयार केलाय बाबा तुम्ही त्याला," मुलगा म्हणाला. "वर्षभर कुणी ढुंकून बघत नव्हतं."

"मी माझ्यासाठी चालत होतो."

"मग चाला की. त्याला बैल कशाला लागतो?"

आपल्याच हाताने त्याने पायावर धोंडा पाडून घेतला होता, तोही रोज थोडा थोडा. सूनबाई चुलीकडे तोंड करून रडली. त्याला रडू आलं नाही.

सकाळी तो रिकाम्या हाताने निघाला. पायरीवरून विचारणा झाली, तर "चालायला" म्हणाला, आणि कुणी हसलं नाही. कालव्यापाशी तो माघारी वळला नाही. सरळ पुढच्या गावात गेला. डोळ्यांना झापडं लावलेला भोपळ्या घाण्याभोवती फिरत होता.

"आजोबा, बैल परत मिळायचा नाही," घाणेवाला आधीच म्हणाला.

"मागतोय कोण? मला चालायचं सांगितलंय."

त्याने बैलाच्या मानेवर हात ठेवला आणि बरोबरीने चालायला लागला. बैलाने कान हलवला आणि न हाकता चाल वाढवली. घाणेवाल्याने ते पाहिलं. मग बैल हाकायला ठेवलेल्या गड्याला त्याने बोलावलं आणि उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलं.