फुंकलेलं पाणी

आमच्या तेमांगुंगच्या डोंगरउतारावर तंबाखू पिकते, आणि ती पिकवता-वाळवता-ओढता म्हातारी झालेली सहा माणसं दर मंगळवारी सकाळी आरोग्यकेंद्राच्या ओसरीवर आपापली पाण्याची बाटली आणि नळी घेऊन माझ्यासमोर बसतात. नाकाने दोन मोजेपर्यंत श्वास घ्यायचा, ओठांचा चंबू करून नळीतून चार मोजेपर्यंत सोडायचा. पाण्यात बुडबुडे उठले पाहिजेत. आधी मी करून दाखवते, मग ते. निम्मा वेळ हसण्यात जातो, पण हसूनही छाती मोकळी होते, म्हणून मी रागावत नाही.

त्यांतल्या कासिमिन आजोबांची फुंकर तीनच्या पुढे कधी गेली नव्हती. आणि त्यांच्या नातीचं, सेकारचं, लग्न ठरलेलं. तिला बाप नाही, तेव्हा लग्नाआधीच्या न्हाणात शेवटचा तांब्या तिच्या डोक्यावर आजोबांनीच ओतायचा. तिचं घर बासष्ट पायऱ्या वर.

एका मंगळवारी मी दाखवून झाल्यावर त्यांनी सरळ माझीच बाटली उचलून दोन घोट घेतले.

"आजोबा, उष्टं आहे ते."

"फुंकलेलं पाणी कधी उष्टं होतं का, सिस्टर? ताप आला की माझी आई असंच फुंकून द्यायची."

"त्या मंत्र म्हणायच्या. मी नुसते आकडे म्हणते."

"तुमचे आकडे तरी नीट ऐकू येतात," मागे बाटली घेऊन बसलेल्या रातमी आजी म्हणाल्या. "ह्याची आई तर मंत्र म्हणता म्हणताच झोपायची."

सगळे हसले, मीही हसले. त्या दिवशी आजोबांचे चार झाले. पुढच्या मंगळवारी सहा, मग नऊ. मला इतका आनंद व्हायचा की बाटली मीच त्यांच्या हाताशी ठेवू लागले. त्याच सुमारास बाजारातून येताना चढावर मला दोनदा थांबावं लागायचं. चव्वेचाळीस म्हणजे काही थोडं वय नाही, असं मी स्वतःला सांगितलं.

न्हाण शुक्रवारी होतं. त्याआधीच्या मंगळवारी मी नळी ओठांत धरून फुंकले, तर पाणी हललंच नाही. नळी बदलून पुन्हा फुंकले, आणि समोर आजोबांच्या बाटलीत, जिला कोणी हातही लावला नव्हता, भराभर बुडबुडे उठले. मी थांबले, बुडबुडेही थांबले.

"बघा, आता फुंकर घरपोच," रातमी आजी म्हणाल्या, आणि ओसरी पुन्हा हसली.

आजोबा मात्र माझ्याकडे बघत राहिले. माझी धाप त्यांच्या ओळखीची होती.

"तुमचं पाणी नको पिऊ का मी?" त्यांनी हळूच विचारलं.

मला भीती वाटली, खोटं कशाला सांगू. पण दाराशी सेकार न्हाणाच्या फुलांसाठी घेतलेली रिकामी परडी घेऊन त्यांना न्यायला उभी होती.

"प्या," मी म्हटलं. "बासष्ट पायऱ्या आहेत."

शुक्रवारी ते एका दमात चढून गेले. मी तिसऱ्या पायरीवरच बसले. वरून पाणी ओतल्याचा आवाज आला, मग नातीच्या ओल्या माथ्यावर आशीर्वादाची फुंकर घालायला आजोबांनी ओठांचा चंबू केला असावा, कारण सकाळपासून थांबत थांबत वर पोचलेले माझे बाकीचे पाचही म्हातारे एका सुरात मोजायला लागले. चार झाले, आठ झाले. बारा झाले तरी माझा श्वास बाहेर पडतच होता. वर सगळे हसत, टाळ्या वाजवत मोजत होते, पंधरा, सोळा, सतरा. आणि आजोबा थांबतील तेव्हाच मला श्वास आत घेता येणार होता.