चारशे अडतिसावे कार्ड

बारा खण, बारा पितळी कड्या, चार पाय आणि चारशे अडतीस कार्डे. ११ मार्च २०११ रोजी दुपारपर्यंत माझ्यात एवढे होते. हा आकडा अंदाजाचा नाही. माझ्या उजव्या फळीच्या आतल्या बाजूला तो पेन्सिलीने लिहिलेला आहे.

मित्रांनो, मी कार्डे ठेवण्याचे लाकडी कपाट आहे. माझा जन्म टोकियोतल्या एका सुताराच्या हातून झाला. पहिली तीस वर्षे मी एका शाळेच्या ग्रंथालयात पुस्तकांची कार्डे सांभाळली. मग तिथे संगणक आला आणि अवजड कचऱ्याचा स्टिकर लावून मला रस्त्याच्या कडेला उभे करण्यात आले. तिथून कामावर जाणाऱ्या नंदकिशोरकाकांनी मला पाहिले. परवानगी काढून त्यांनी मला टोकियोतल्याच निशी-कसाई भागात आणले, एका इमारतीच्या तळमजल्यावरच्या सभागृहात. तिथे दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी 'आद्य मराठी कुटुंब मंडळ' भरत असे.

जे मराठी लोक १९८० पूर्वी जपानात येऊन राहिले, त्यांची आणि त्यांच्या मुलानातवंडांची वंशावळ तयार करणे हे मंडळाचे काम. एका माणसाचे एक कार्ड. त्यावर नाव, वडिलांचे नाव, गाव, जपानात आल्याची तारीख, जोडीदार, मुले. कार्डे पहिल्या नावानुसार लावलेली. मंडळाचा नियम एकच होता, कार्डावर नसलेला शब्द वंशवृक्षात जाणार नाही.

या कामाचा मला फार अभिमान वाटे. इथेच जन्मलेली तन्वी शाळेच्या प्रकल्पासाठी आली होती. तिने माझा नववा खण उघडून पणजोबांचे नाव एकेक अक्षर लावत वाचले आणि जपानीत आईला विचारले, "हे सगळे आपले?" त्या दिवशी माझ्या कड्या कुणी न पुसताही चमकत असाव्यात.

मग तो भूकंप झाला. पहिल्या धक्क्याला मी भिंतीवर आदळलो, दुसऱ्या धक्क्याला पुढे झुकलो आणि खण बाहेर आले. कार्डे जमिनीवर पसरली. एक कार्ड मात्र उलट्या बाजूला उडाले आणि दुसऱ्या खणाच्या मागे, माझ्या पाठीच्या फळीपाशी दुमडून अडकले. ते कुणाचे आहे हे मला ठाऊक होते, पण मला बोलता येत नाही.

काकांनी कार्डे गोळा करून प्लास्टिकच्या खोक्यात भरली. कितीतरी कुटुंबे त्या वसंतात भारतात गेली. काही परतली, काही नाही. साडेतीन वर्षे मी धूळ खात उभा होतो. दुसरा खण नीट बंद होईना, तेव्हा सगळे म्हणाले, "भूकंपात वाकडं झालंय."

२०१४ मध्ये मंडळ पुन्हा सुरू झाले. दिवाळीच्या मेळाव्यात वंशवृक्ष भिंतीवर लावायचा होता. कार्डे लावायचे काम चैत्रालीने घेतले. ती इथल्या विद्यापीठात पदार्थविज्ञानात संशोधन करत होती. तिने सर्व कार्डे दोनदा मोजली.

"काका, चारशे सदतीस."

"एखादं इकडेतिकडे झालं असेल गं. कपाट तरी कुठे ठेवायचंय? सोमवारी गाडी येणार आहे." त्यांनी माझ्या डाव्या फळीकडे बोट दाखवले. तिथे नवा स्टिकर होता. मित्रांनो, माझ्या आयुष्यातला दुसरा.

त्याच रविवारी दमयंतीआजी कच्चा वंशवृक्ष पाहायला आल्या. वय शहात्तर, पाठ ताठ. त्यांनी आपल्या फांदीवर बोट ठेवले. तिथे लिहिले होते, 'नरेंद्र मुजुमदार, आगमन १९६६, सोबत पत्नी दमयंती.'

"हे चुकलंय, भाऊजी. मी एकसष्ट साली आले. एकटी. हे माझ्यामागून आले."

"वहिनी, तुमचं कार्ड नरेंद्ररावांनीच भरून दिलंय. त्यात सहासष्ट आहे."

"तुमच्या फॉर्मात सासरचं नाव होतं, माहेरचं होतं कुठे? पासष्टला पुण्यात जाऊन लग्न केलं, नाव बदललं, आणि सहासष्टला यांना घेऊन परत आले. त्याआधी मी कल्पना होते. कल्पना टेंभेकर."

काकांनी 'क'ची कार्डे चाळली. कल्पना नावाचे एकही नव्हते. "नियम तुम्हीही मान्य केला होता, वहिनी," ते हळूच म्हणाले.

आजी खुर्चीवर बसल्या. "चार वर्षं एकटीनं काढली या देशात. ती कुणाच्या नावावर टाकू?"

मंडळातल्या स्नेहलताकाकूंनी त्यांना चहा आणून दिला.

चैत्राली मात्र माझ्याकडे पाहत होती. तिने पिशवीतून पट्टी काढली आणि माझे बाराही खण मोजले.

"काका, सगळे खण सारख्या लांबीचे आहेत. चौकटही सरळ आहे. मग हा दुसराच चार मिलिमीटर बाहेर का राहतो?"

"तू कपाट मोजतेस की माणसं?"

"आज दोन्ही," ती म्हणाली. तिने खण पूर्ण बाहेर ओढला आणि खांद्यापर्यंत हात आत घातला. दुमडलेले कार्ड तिच्या बोटांना लागले.

तिने ते उघडून वाचले, पण लगेच सांगितले नाही. पाठीमागे धरून विचारले, "आजी, तुमच्या वडिलांचं नाव?"

"विष्णू."

"गाव?"

"रहिमतपूर."

"जपानात कुठे उतरलात? कधी? कशासाठी?"

"योकोहामा. चार ऑक्टोबर एकसष्ट. रेशमाच्या किड्यांवर संशोधन. परीक्षा घेतेस का गं माझी?"

"झाली. शंभरपैकी शंभर." चैत्रालीने कार्ड पुढे केले. अक्षर काकांचेच होते. एका जुन्या विद्यार्थी-यादीवरून वीस वर्षांपूर्वी त्यांनी ते उतरवले होते आणि विसरून गेले होते. शेवटची ओळ त्यांनी मोठ्याने वाचली, "पुढील माहिती नाही."

"नाही कशी?" आजी म्हणाल्या. "पुढची माहिती इथे बसून चहा पितेय!"

सगळ्यांत जास्त हसले ते काकाच. मग त्यांनी चष्मा पुसला, वंशवृक्षाच्या अगदी वर आपल्या हाताने 'कल्पना विष्णू टेंभेकर, १९६१' असे लिहिले आणि माझ्या डाव्या फळीवरचा स्टिकर नखाने खरवडून काढला. मंडळाच्या फॉर्मात आता एक रकाना वाढला आहे, 'लग्नाआधीचे नाव'.

मित्रांनो, तुमच्या घरी आजी असेल तर तिला तिचे पहिले नाव विचारा आणि लिहून ठेवा. आणि एखादे जुने कपाट नीट बंद होत नसेल, तर फेकण्याआधी त्याच्या आत एकदा हात घालून पाहा.

त्या संध्याकाळी चैत्रालीने कल्पना आणि दमयंती ही दोन कार्डे एका दोऱ्याने बांधून माझ्यात ठेवली आणि उजव्या फळीवर नवी नोंद केली. दुसरा खण, बाहेर शून्य मिलिमीटर. कार्डे चारशे अडतीस. माणसे चारशे सदतीस.