मोकळा लॅपटॉप

मास्तरबाईंना सगळे मास्तरबाई म्हणायचे, म्हणून त्या शाळेत शिकवत होत्या असं कुणी समजू नये. त्या कपडे शिवायच्या. शिवणाऱ्या पुरुषाला मास्तर म्हणतात, मग ह्यांना काय म्हणायचं असा पेच गल्लीला पडला, तेव्हा कुणीतरी मास्तरला बाई चिकटवली. राग त्यांच्या नाकाच्या शेंड्यावर असायचा, पण हातातली सुई कधी तिरकी गेली नाही.

त्यांच्याकडे येणारी गिऱ्हाइकं वेगळी होती. तयार कपडे ज्यांच्या अंगाला बसतच नाहीत, अशी. कुणाचा एक खांदा वर आणि एक खाली, कुणाच्या पाठीला बाक, कुणाची ऑपरेशननंतर छातीची एक बाजू सपाट झालेली. मोठ्या दुकानांच्या आरशासमोर मान खाली घालून ही माणसं मास्तरबाईंकडे यायची आणि दोन ट्रायलनंतर ताठ होऊन जायची. प्रत्येकाच्या अंगाचा पॅटर्न मास्तरबाईंनी कॉम्प्युटरवर आखून ठेवला होता. असे तीनशे बारा पॅटर्न होते, आणि त्यातल्या एकालाही त्यांच्याशिवाय कुणी हात लावलेला त्यांना खपायचा नाही.

दोन महिन्यांपूर्वी पॅटर्न आखायच्या त्या प्रोग्रामने एका सकाळी दगा दिला. पाठीला बाक असलेले एक गृहस्थ ट्रायलला येऊन उभे, अंगात कच्च्या टाक्यांचा कोट, आणि पडद्यावर पाटी: तुमचं खातं तपासलं जात आहे. चार दिवस तपासलं जात होतं. मास्तरबाईंनी कंपनीला फोन केले, तिकडून बासरी वाजत राहिली. स्वतःच्या हाताने आखलेल्या रेघा बघायला परवानगी मागायची! त्या चार दिवसांत त्यांनी जे काही तोंडातून काढलं ते इथे लिहिता येणार नाही.

खातं उघडलं, पण ह्यांचं मन उडालं ते उडालंच. तांत्रिक शाळेत शिकवणारी एक बाई त्यांची जुनी गिऱ्हाईक, उंच खांद्याची. तिने सांगितलं की कुणाच्या कुलपात नसलेले असेही प्रोग्राम मिळतात. त्यांना ओपन सोर्स म्हणतात, आतलं सगळं कुणालाही उघडून बघता येतं. मास्तरबाईंना हे लगेच पटलं. हातात कुठलाही कपडा दिला की त्या आधी तो उलटा करायच्या, शिलाई आतून बघायच्या, मगच बोलायच्या. सहा शनिवार त्या शाळेत जाऊन बसल्या, चुकल्या, चिडल्या, शिकल्या. तीनशे बाराच्या तीनशे बारा पॅटर्न त्यांनी जुन्या प्रोग्राममधून बाहेर काढले, शाळेच्या मशीनवर उघडून पाहिले आणि पेनड्राइव्हवर घेतले. जुना लॅपटॉप तोवर शेवटच्या घटका मोजत होता. अर्धा पडदा काळा पडला होता. आता नवा हवा होता, पण त्यात हेच सगळं आधीपासून नीट बसवून आलेलं हवं होतं.

एवढ्यात रविवारी सकाळी लेक आणि जावई दारात. जावईबापूंच्या हातात खोकं.

"आई, सरप्राइज!" जावईबापूंनी खोकं कापायच्या टेबलावर ठेवलं, तेही अर्ध्या कापलेल्या कापडावर. "तुम्ही आता काही म्हणजे काही बघायचं नाही. सगळं मी घालून आणलंय. तुमचा तो जुना प्रोग्रामसुद्धा. पॅटर्न आपोआप वर जाऊन बसतील."

"वर कुठे?"

"कंपनीकडे. एकदम सुरक्षित."

"आणि मला लागले तर?"

"उघडतील ना! खातं माझ्या नावावर काढलंय. पासवर्डची कटकट तुमच्या डोक्याला कशाला? काही अडलं की मला फोन करायचा, बस्स."

मास्तरबाईंनी खोक्याखालचं कापड हलकेच ओढून घेतलं. अंगाचा नुसता तिळपापड झाला होता. जावई दुष्ट असता तर बरं झालं असतं. दुष्ट माणसाला चार शब्द सुनावले की मोकळं होता येतं. हा जीव लावणारा होता. सासूच्या डोळ्यांच्या चाचणीला रजा काढून जाणारा. त्याच्याशी भांडायचं म्हणजे पंचाईतच, पण गप्प बसले तर तीनशे बारा माणसं ह्याच्या खिशात जाऊन बसतील, हे त्यांना लख्ख दिसत होतं.

"जावईबापू, हे परत करा."

"आई!" लेक म्हणाली. "इतक्या हौसेने आणलंय त्यांनी."

"हौस तुमची, काम माझं. माझ्याकडे एक बाई येते, छातीच्या ऑपरेशनवाली. तिने मला माप दिलं ते दार लावून दिलं. नवऱ्यालासुद्धा बाहेर बसवलं होतं. ते माप मी ह्यांच्या नावाच्या खात्यात ठेवू? ती मला विचारेल, तेव्हा तू येशील उत्तर द्यायला?"

"ते काय उघडून बघणार आहेत का?"

"बघणार नाहीत. मला माहितीये बघणार नाहीत. पण किल्ली त्यांच्याकडे का?"

जावईबापूंचा चेहरा पडला. आपण सासूसाठी एवढी धावपळ करतो आणि तिला त्याचं काही नाही, असं त्यांना वाटलं असावं. पण दुकानदार समजावेल, दुकानदाराचं तरी सासूबाई ऐकतील, ह्या आशेने त्यांनी खोकं पुन्हा गाडीत ठेवलं आणि तिघं दुकानात गेली.

दुकान मोठं, थंडगार, आणि गळ्यात टाय बांधलेल्या एका माणसाच्या ताब्यात. टाय दोन बोटं लांब झालेला होता, हे मास्तरबाईंनी दारातूनच टिपलं. टायवाला सरळ जावईबापूंकडे गेला.

"मॅडमना कशासाठी हवाय, सर? फोटो वगैरे? नातवंडांशी बोलायला?"

"मॅडमना विचारा," मास्तरबाई म्हणाल्या. "मॅडम इथेच उभ्या आहेत."

टायवाला वळला. "सॉरी. बोला मॅडम."

"मला मोकळा लॅपटॉप हवाय."

"मोकळा? आहे ना!" तो तुरुतुरु आत गेला आणि एक चकचकीत यंत्र घेऊन आला. चालू केलं. काळ्या पडद्यावर एक पांढरी रेघ लुकलुकत राहिली. "हा बघा. अगदी मोकळा. आत काही म्हणजे काहीच नाही. सरांना हवं ते टाकून घेतील."

जावईबापूंनी तोंडावर हात धरला. लेकही हसली. मास्तरबाईंची कानशिलं तापली.

"मी मोकळा म्हणाले, रिकामा नाही. आत सगळं पाहिजे, आणि सरांनी टाकलेलं नको. बनवणाऱ्यानेच बसवून पाठवलेलं पाहिजे, अस्तरासकट कोट यावा तसं. फक्त त्याला कुलूप नको. ओपन सोर्स."

"अच्छा, ते!" टायवाल्याने जावईबापूंकडे बघून भुवया उडवल्या. "मॅडम, ते फुकटातलं असतं. कॉलेजची मुलं वापरतात. तुम्हाला झेपणार नाही."

"सहा शनिवार झेपलंय."

"पण अख्खं जग दुसरं वापरतं हो."

"अख्ख्या जगाला तयार शर्ट बसतो. ज्यांना बसत नाही ते माझ्याकडे येतात, आणि मी त्यांना कधी म्हटलं नाही की अख्खं जग कसं राहतं ते बघा, तुमचा खांदा खाली करा. आहे की नाही ते सांगा. नसेल तर दुसरं दुकान बघते."

होता. खालच्या फळीवर, एका कॉलेजच्या मागणीतून उरलेला, करड्या रंगाचा, दिसायला अगदीच साधा. बेतास बात. मास्तरबाईंनी तो हातात घेऊन पहिल्यांदा काय केलं असेल? उलटा केला. खाली आठ स्क्रू होते, उघडे, मोजता येतील असे.

"हा उघडता येतो?"

"येतो. पण उघडायचा कशाला?"

"उद्या आतलं काही बदलावं लागलं तर. मी शिवते तेव्हा आत दोन बोटं कापड जास्तीचं सोडते. माणूस जाड होतो, बारीक होतो. सगळं कापून चिकटवून टाकणारा शिंपी मला आवडत नाही. हाच द्या."

जावईबापूंनी शेवटचा प्रयत्न केला. आवाज मात्र आता सरप्राइजवाला नव्हता. "आई, पण ह्यातलं मला काहीच येत नाही. तुमचं अडलं तर मी काय करू?"

मास्तरबाईंना त्यांची खरोखर दया आली. सगळा घोळ इथे होता तर! ह्या माणसाला उपयोगी पडायचं होतं, आणि उपयोगी पडण्याची त्याला एकच रीत ठाऊक होती.

"मग मी तुम्हाला शिकवीन," त्या म्हणाल्या. "शनिवारी या."

त्यांनी यंत्र तिथेच चालू करायला लावलं. टायवाल्याने काउंटरवरचे कागद बाजूला सारून जागा केली. पडदा उजळला. भाषांची लांबलचक यादी आली, तीत आपली भाषाही होती. मास्तरबाईंनी ती निवडली. मग एक पांढरी चौकट आली. वर लिहिलं होतं, तुमचं नाव.

"'आई' लिहा ना," जावईबापू खांद्यावरून म्हणाले. "मीही त्या खोक्यातल्यावर तेच टाकलं होतं. सोपं पडतं."

"'मास्तरबाई' लिही," लेक म्हणाली. "सगळ्यांना कळतं."

मास्तरबाईंनी दोघांकडेही पाहिलं नाही. एका बोटाने, एकेक अक्षर शोधत, त्यांनी स्वतःचं नाव लिहिलं, मग आडनाव. एक वेलांटी चुकली, ती खोडून पुन्हा दिली.

जावईबापूंनी पडद्यावरचं नाव वाचलं. मनातल्या मनात, मग ओठ हलवून.

"हे तुमचं नाव आहे?"

लग्नाला सात वर्षं झाली होती. लेक नवऱ्याकडे बघतच राहिली.

"हो," मास्तरबाई म्हणाल्या. खाली दुसरी चौकट आली होती, पासवर्डची. त्यांनी बोट उचललं आणि तसंच हवेत धरलं. "आता तोंड तिकडे करा."

जावईबापूंनी तोंड तिकडे केलं. टायवाल्यानेही केलं, खरं तर त्याला कुणी सांगितलं नव्हतं.