सोमारी दोघी होत्या

मेलेल्या बाईचं हिमोग्लोबिन नोंदवता येत नाही, असं कॉम्प्युटरचं म्हणणं होतं. मेलेली बाई समोरच्या बाकावर पोटावर हात ठेवून चिंच चोखत बसली होती आणि तिचं हिमोग्लोबिन साडेआठ होतं.

हर्षा उंदीरवाडेनं तिसऱ्यांदा आकडा टाकला. तिसऱ्यांदा लाल पट्टी आली : रुग्ण मृत, नोंद बंद.

"अजून मेलीच हाय का थे?" आरोग्यसेविका बायनाबाईनं दारातून विचारलं.

"मेलीच हाय."

बायनाबाईनं ते माडिया बोलीत सोमारीला सांगितलं. सोमारी तोंडावर हात घेऊन हसली. सात महिन्यांची पोटुशी बाई येरमेटोल्याहून भर एप्रिलात पायी आली होती आणि स्वतःच्या मरणाची बातमी ऐकून हसत होती. पहिल्यांदा ही पट्टी दिसली तेव्हा हर्षाही हसली होती. आता तिच्या तळपायाची आग मस्तकात जायची.

तिनं साडेआठ कागदाच्या रजिस्टरमध्ये लिहिलं, लोहाच्या गोळ्यांची चिठ्ठी हातानं लिहिली आणि सोमारीला औषधाच्या खिडकीकडे पाठवलं.

एटापल्लीच्या पुढं जंगलातला हा एका ट्रस्टचा वीस खाटांचा दवाखाना. हर्षा मूळची नागभीडची, अकरा वर्षांपासून इथं लॅब टेक्निशियन. या अकरा वर्षांत तिला किती सोमारी भेटल्या, याचा हिशेब नव्हता. सोमवारी जन्मली ती सोमारी, बुधवारी जन्मली ती बुधरी. इथं त्यात कोणाला काही वावगं वाटत नाही. जन्माचा वार सगळ्यांच्या लक्षात असतो. तारीख कोणालाच माहीत नसते. मग गावात आधार कार्डाचं शिबिर लागलं की तिथला माणूस तोंडाकडे पाहून वय ठरवतो आणि पुढं एक जानेवारी टाकून मोकळा होतो. अख्खं येरमेटोला एक जानेवारीला जन्मलं होतं.

त्या गावात सोमारी मट्टामी दोन होत्या. दोघींचं आडनाव एक, गाव एक, शिबिरातल्या माणसाच्या कृपेनं जन्मतारीखही एक. त्यातल्या एकीला सिकलसेल हा रक्ताचा जन्मजात आजार होता, दुसरीला नव्हता. दोघींचं रक्त हर्षानंच तपासलं होतं.

गेल्या नोव्हेंबरात दवाखान्याच्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली. दुबार नोंदी आपोआप काढून टाकण्याची सोय तिच्यात होती. नाव, गाव आणि जन्मतारीख जुळली की माणूस एकच, असं धरायचं आणि रिपोर्ट दोन असतील तर अलीकडचा ठेवायचा. सॉफ्टवेअरनं दोन सोमारींची एक केली. रिपोर्ट ठेवला तो निरोगी सोमारीचा.

डिसेंबरात आजारी सोमारीला खाटेवर घालून आणलं. हातपाय ठणकत होते, अंगात ताप होता, छातीत दुखत होतं. हर्षा तेव्हा भावाच्या लग्नाला नागभीडला गेली होती. बदलीवर आलेल्या डॉक्टरनं कॉम्प्युटरमध्ये पाहिलं. सिकलसेल नाही. त्यानं दुखण्याचं इंजेक्शन दिलं, तापाच्या गोळ्या दिल्या आणि घरी पाठवलं. तिसऱ्या दिवशी ती गावातच वारली. ज्या बाईला भरती करून सलाईन आणि ऑक्सिजन लावायला हवा होता, तिला लोकांनी ज्या खाटेवरून आणलं त्याच खाटेवरून परत नेलं.

ती गेल्याची नोंद झाली आणि कॉम्प्युटरपुरत्या दोघीही गेल्या.

"कोणाची चूक नाही यात," दवाखान्याचे मोठे डॉक्टर म्हणाले होते. "कॉम्प्युटरनं घोळ केला."

"कॉम्प्युटर सोताहून नाई करत, सर. कोणीतरी त्याले तसं शिकवलं हाय," हर्षा म्हणाली होती.

त्या शिकवणाऱ्याला गाठणं मात्र शक्य होतं. हे सॉफ्टवेअर कोण्या कंपनीच्या कुलपात नव्हतं. त्याचा सगळा कोड इंटरनेटवर उघडा होता. कोणीही वाचावा, चूक दिसली तर दुरुस्ती पाठवावी. देखरेख करणारी पाच-सहा माणसं ती तपासणार आणि पटली तर मूळ प्रोग्रॅममध्ये घेणार. मुक्त विद्यापीठातून हौसेनं केलेली कॉम्प्युटरची बीसीए पदवी हर्षाच्या ट्रंकेत पडून होती. तिनं दीड महिना दुपारचं जेवण टेबलावरच उरकत तो कोड वाचला. चूक सापडली आणि दुरुस्ती निघाली अकरा ओळींची. जन्मतारीख एक जानेवारी असेल तर ती अंदाजाची समज, नोंदी आपल्या मनानं जोडू नकोस, माणसाला विचार. एवढंच.

फेब्रुवारीत तिनं ती पाठवली. सोबत इंग्रजीत सगळी हकीकत लिहिली, शब्दकोश शेजारी ठेवून. बाई मेली हेही लिहिलं. साठ दिवस कोणी हूं की चूं केलं नाही.

साडेआठ लिहिलं त्याच दुपारी उत्तर आलं. 'साठ दिवसांत काही हालचाल न झाल्यामुळे ही दुरुस्ती बंद करण्यात येत आहे. आपल्या योगदानाबद्दल आभार!' खाली हसरा चेहरा होता. पाठवणारा माणूस नव्हताच. जुनी प्रकरणं आपोआप बंद करणारा तो एक प्रोग्रॅम होता.

"हालचाल नाई म्हणते!" हर्षा ओरडली. "मी इथी बोंबलून राह्यली, अन् थे म्हणते हालचाल नाई!"

"कोण म्हणते?" बायनाबाईनं विचारलं.

"मशीन."

"मंग मशीनशी काऊन भांडून राह्यली? माणसाशी भांड ना बाप्पा."

ते तिला पटलं. देखरेख करणाऱ्यांची महिन्यातून एकदा व्हिडिओ बैठक व्हायची, तिला कोणीही बसू शकत होतं. मे महिन्याच्या पहिल्या गुरुवारी दुपारी तीनला हर्षा दवाखान्याच्या गच्चीवर पाण्याच्या टाकीच्या सावलीत जाऊन बसली. नेटवर्क फक्त तिथंच नीट मिळायचं. फरशी अशी तापली होती की बुडाखाली पोतं दुमडून घ्यावं लागलं. तास-दीड तास बटणांच्या रंगांवर चर्चा चालली. निळा की गडद निळा. हर्षा दात-ओठ खात ऐकत राहिली. शेवटची पाच मिनिटं तिच्या वाट्याला आली.

तिनं इंग्रजीत सुरुवात केली, अडखळली. मुख्य देखरेख करणारा प्रफुल नावाचा माणूस पुण्यातून बोलत होता. तो म्हणाला, "मॅडम, मराठीत बोला, चालेल. तुमचा मुद्दा मी वाचला. वाईट झालं. पण हा प्रश्न सॉफ्टवेअरचा नाहीये. तुमच्याकडे माहितीच चुकीची भरली जाते. जन्मतारीख खरी टाका, मधलं नाव टाका, नोंदी जुळणारच नाहीत."

"मधल्या नावाचा रकाना तुम्ही सक्तीचा केला नाही. शिबिरात कोणी विचारलंच नाही."

"मग आता विचारा."

"मेलेलीले विचारू?"

कोणीतरी आपला कॅमेरा बंद केला. प्रफुलनं चष्मा वर सरकवला. "हे बघा, अशा अपवादांसाठी आपण सगळ्यांचा नियम बदलायला लागलो तर—"

"अपवाद?" हर्षाचा आवाज चढला. खाली व्हरांड्यातल्या बाया वर बघायला लागल्या. "तुम्ही कुठले हो?"

"मी? मूळचा ब्रह्मपुरीचा."

नागभीडहून ब्रह्मपुरी म्हणजे बसनं तासाभराची वाट. हर्षाला वाटलं होतं, हा कोणी लांबचा, न पाहिलेला माणूस असेल. लांबच्याला एक वेळ माफ करता आलं असतं.

"तुमच्या बाबाची जन्मतारीख का हाय?"

"त्याचा काय संबंध?"

"सांगा ना."

"एक जुलै."

"खरी हाय?"

शाळेत नाव घालताना गुरुजींनी सगळ्या वर्गाला एकच तारीख देऊन टाकायची, हे ब्रह्मपुरीच्या माणसाला सांगावं लागत नाही.

"त्यायच्या वर्गात त्यायच्याच नावाचा कोणी असता," हर्षा म्हणाली, "अन् थो मेला असता, तर तुमच्या सॉफ्टवेअरनं तुमच्या बाबाले जाळून टाकलं असतं. थे अपवाद झाले असते का? माह्याजवळ एका गावातले एकोणतीस लोक हायेत एक जानेवारीचे. तुमचा नियमच अपवाद हाय, भाऊ. आमी नाई."

तेवढ्यात नेटवर्क गेलं. आपण जास्त बोललो असं तिला क्षणभर वाटलं, आणि असं वाटल्याचाच तिला राग आला.

संध्याकाळी प्रफुलचा निरोप आला. दोनच ओळी होत्या. 'एक जुलैसुद्धा घाला. आणि ही चूक पुन्हा होणार नाही याची चाचणी लिहून द्या.' माफीबिफी नव्हती. हर्षानं एक जुलै घातला. चाचणी लिहिली. चाचणीत एकाच नावाच्या दोन बनावट बायका होत्या, आणि प्रोग्रॅमनं त्यांना दोनच मोजलं तरच पुढं जाता यायचं. आठवड्याभरात दुरुस्ती मूळ प्रोग्रॅममध्ये गेली. पडद्यावर रंगीत कागदांचा पाऊस पडला : 'अभिनंदन! तुमचं पहिलं योगदान!'

"लगन लागलं का कोणाचं?" बायनाबाईनं वाकून पाहिलं.

"बाई मेली आमची, अन् हे फटाके फोडून राह्यले," हर्षा म्हणाली आणि तिनं ती खिडकी बंद केली.

मे संपता संपता नवी आवृत्ती दवाखान्यात आली. दुरुस्तीनं पुढची चूक थांबणार होती. झालेली मात्र हातानंच निस्तरायची होती. सोमारी आता बाळंतपणासाठीच येऊन राहिली होती. बायनाबाईनं तिला लॅबमध्ये आणून बसवलं. पडद्यावर एकत्र झालेल्या चौदा नोंदी होत्या आणि प्रत्येकीपुढं प्रश्न होता : ही कोणाची? हर्षा कागदाच्या रजिस्टरवर बोट ठेवून एकेक नोंद वाचायची, बायनाबाई सोमारीला विचारायची. धनुर्वाताचं इंजेक्शन? माझं. मलेरियाची तपासणी, दोन वर्षांपूर्वीची? तिची. तेव्हा आम्ही दोघी बरोबरच आलो होतो, सोमारी म्हणाली. त्या दिवशी तिला ताप होता, मी नुसती सोबतीला आले होते.

चौदावी नोंद मृत्यूची होती. हर्षानं ती जिची होती तिच्या नावावर ढकलली. हिरवी पट्टी आली आणि बाकावरची सोमारी कॉम्प्युटरमध्येही जिवंत झाली. बायनाबाईनं तसं सांगितलं. या वेळी सोमारी हसली नाही. ती माडियात काहीतरी हळू बोलली.

"का म्हणते?"

"थे इचारते, दुसरी कुठी हाय?"

हर्षानं पडदा तिच्याकडे वळवला. सोमारीला वाचता येत नव्हतं. हर्षानं ओळीवर बोट ठेवलं. सोमारी मट्टामी, येरमेटोला. सिकलसेलचा आजार, रिपोर्ट तीन वर्षांपूर्वीचा, रजिस्टरवरून पुन्हा भरलेला, लॅब टेक्निशियन ह. उंदीरवाडे. मृत्यू डिसेंबरात. कारण : ताप.

कारण बदलण्याचा अधिकार लॅबवालीला नव्हता. त्याच्याखाली शेऱ्याचा रकाना रिकामा होता, तो कोणालाही भरता यायचा. मोठे डॉक्टर तो वाचणार, ट्रस्टचे लोक वाचणार, आणि मग तिला केबिनमध्ये बोलावणं येणार, हे तिला चांगलं ठाऊक होतं.

"का लिवून राह्यली?" बायनाबाईनं विचारलं.

हर्षानं वाचून दाखवलं, सोमारीला सांगता यावं म्हणून सावकाश. "हिला सिकलसेल होता. तसा रिपोर्ट या दवाखान्यात होता. कॉम्प्युटरनं तो पुसला आणि कोणी रजिस्टर उघडून पाहिलं नाही."

बायनाबाई माडियात सांगत असताना तिनं खाली आपलं पूर्ण नाव टाकलं आणि नोंद जतन केली.