घंटा वाजलीच नाही

शहाऐंशी साली कोल्हापूरच्या एका प्रयोगशाळेत अणुकणांना वेग देणाऱ्या कणत्वरक यंत्रासाठी घडवलेल्या चुंबकाचं उद्घाटन होतं. त्याच्या अतिथंड तारेची अतिवाहकता, म्हणजे अडथळ्याविना वीज वाहण्याची शक्ती, अचानक गेली, की घंटा वाजवून वीजप्रवाह बाहेर वळवणारी पेटी नंदिनीनं रक्त आटवून जमवली होती. रंगीत तालमीत ती घंटा ठणाणली, तशी विभागप्रमुख इंगवल्यांनी पेटीची पिनच उपटली.

“मंत्री बोलताना हा ठणाणा नको!”

“मग प्रवाह तरी सोडू नका, सर. तार जळेल.”

“बटण मंत्रीसाहेब दाबणार हाईत. पत्रिकेत छापलंय की!”

साहेबांनी बटण दाबलं. ऐन भाषणात तार थंड ठेवणाऱ्या हेलियमची वाफ सुसाटली, तार जळाली, मंत्री हार टाकून पळाले.

चौकशीत इंगवले म्हणाले, “बाईंची घंटा वाजलीच नाही.”

सगळ्यांनी माना डोलावल्या. मेल्यांना खोटंसुद्धा बोलावं लागलं नाही.