बाडेनची रिकामी ओळ

"थांबा, थांबा! टाइम!" निशांतने हात वर केला. जाळीवरून येणारा चेंडू मग कोणीच मारला नाही. तो टेबलावरून उतरला आणि मस्कतमधल्या दार्सैतच्या त्या सभागृहातल्या खुर्च्यांखाली टपटपत दिसेनासा झाला.

तिसऱ्या गेमची दहा मिनिटे संपली होती आणि गुण झाले होते चार-तीन.

"काकू, दहा मिनिटांत सात पॉइंट," निशांत रेखाला म्हणाला. महाराष्ट्र मंडळाच्या क्रीडा समितीचा तो या वर्षीचा चिटणीस, आणि दुसरे कोणी मिळाले नाही म्हणून आजचा पंचही. "साडेपाचला हॉल सोडायचाय. भरतनाट्यमच्या मुली घुंगरं बांधून बाहेर बसल्यात."

"मग आत बोलव त्यांना," पलीकडून गुलबानू म्हणाली. "आमचा पन नाचच चाललाय हितं."

पंधरा-वीस माणसे होती, ती हसली. निशांतही हसला आणि घड्याळाकडे बघून आवाज उतरवून म्हणाला, "एक सुचवू का? दोघींनाही एकेक गेम मिळालाय. जॉइंट विनर करू. फलकावर दोघींची नावं. फोटो काढू, समोसे खाऊ, खलास."

गुलबानूने बॅट कमिजाला पुसली. "मना चालंल," ती म्हणाली.

रेखाने मान वर करून तिच्याकडे पाहिले. बावीस वर्षे ती या बाईशी खेळत होती. टेबलाच्या कडेला चेंडू घासला की नाही यावरून हिने एकदा अर्धा तास सभागृह डोक्यावर घेतले होते. ती आज एका वाक्यात अर्धे अजिंक्यपद सोडून द्यायला तयार झाली होती. रेखाला पहिली शंका आली ती तेव्हा.

"मला नाही चालणार," ती म्हणाली.

पन्नाशीपुढच्या महिलांच्या या स्पर्धेचा फलक सभागृहाच्या जिन्यात लावलेला होता. त्यावर गुलबानूचे नाव सात वेळा होते, रेखाचे एकदाही नाही. पाच वेळा ती अंतिम सामन्यात पोचली होती आणि पाचही वेळा समोर गुलबानूच होती. येत्या मंगळवारी गुलबानू कायमची रत्नागिरीला, राजिवड्याला, निघाली होती. तिच्या नवऱ्याने, हारूनने, सीबच्या जुन्या सूकमधले, बाजारातले, कापडाचे दुकान पुतण्याच्या स्वाधीन केले होते आणि घरातले फ्रिज-पलंगही विकून झाले होते. पुढच्या वर्षी रेखाला अडवणारे कोणी उरणार नव्हते. फलकावर तिचे नाव बहुधा लागेलही. पण जिना चढताना ती वाचेल तेव्हा तिला ठाऊक असेल, की हे गुलबानू नव्हती त्या वर्षीचे. जिंकायचे तर आज, आणि गुलबानूने हरायचे तर खरोखर हरायचे. रेखाला तिच्याकडून एवढेच हवे होते, आणि जे हवे ते मागून मिळण्यासारखे नव्हते.

त्या दोघींना मंडळात सगळे 'बाडेन' म्हणत. हे नाव मंडळाच्या पहिल्या प्रशिक्षकांनी दिले होते. ते आता हयात नव्हते, पण त्यांनी सांगितलेली हकीकत टिकून होती. एकोणीसशे सदतीस साली व्हिएन्नाजवळच्या बाडेन गावी टेबल टेनिसची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा भरली. महिला एकेरीच्या अंतिम सामन्यात एक अमेरिकन आणि एक ऑस्ट्रियन मुलगी समोरासमोर आल्या. दोघीही चेंडू नुसता परत करणाऱ्या. कोणीच धोका पत्करेना. ठरलेली वेळ संपली तरी निकाल लागेना, तेव्हा अधिकाऱ्यांनी दोघींनाही बाद केले आणि त्या वर्षीचे अजिंक्यपद कोणालाच दिले नाही. पुढच्या वर्षी ऑस्ट्रिया हा देशच नकाशावरून पुसला गेला. जाळीची उंची कमी झाली, नियम बदलले. चौसष्ट वर्षांनी कोणाला तरी उपरती झाली आणि दोघींना संयुक्त विजेत्या ठरवण्यात आले. तोवर दोघीही मरून गेल्या होत्या.

"मेल्यावर कप देतत. हुशारच हायत," गुलबानू तेव्हा म्हणाली होती.

रेखाने मात्र त्या स्पर्धेच्या विजेत्यांची यादी पुढे कधीतरी फोनवर शोधून काढली. पुरुष एकेरी, दुहेरी, मिश्र दुहेरी, सांघिक. सदतीस सालच्या सगळ्या ओळी तेव्हाच नावांनी भरलेल्या आणि त्यांच्यामध्ये चौसष्ट वर्षे रिकामी राहिलेली ही एक. दोन युद्धांच्या मधल्या त्या वर्षाकडे ती अनेकदा परत जाई. त्या संध्याकाळी त्या दोन मुली काय बोलल्या असतील? एकाच खोलीत कपडे बदलले असतील का? आणि इतक्या वर्षांनी तिथे दोन नावे भरून टाकणाऱ्यांनी नेमके काय दुरुस्त केले? ती ओळ रिकामी होती तोवर निदान खरी होती, असे तिला वाटे. हे ती कोणाला बोलून दाखवत नसे. रुवीतल्या एका दवाखान्याच्या प्रयोगशाळेत तिची सव्वीस वर्षे गेली होती. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून शंभर पांढऱ्या पेशी मोजायच्या, कुठल्या जातीच्या किती ते लिहायचे आणि सही करायची. कागदावर जे जाते ते दिसलेले असले पाहिजे, एवढाच धर्म तिला त्या खोलीने शिकवला होता. बाकीचे आयुष्य तिने टेबलावर खेळे तसेच काढले: जे समोर आले ते परत केले. चिंचवडहून मस्कतला यायचे ठरले ते नवऱ्याला नोकरी लागली म्हणून. रॅकेट हातात घेतली ती इमारतीतल्या बायका ओढून घेऊन गेल्या म्हणून. आपणहून मारलेला असा एकही चेंडू तिला आठवत नव्हता.

"ठीक आहे. मग एक्स्पीडाइट," निशांत म्हणाला.

याला मंडळात घाईचा नियम म्हणत. तो एकदा लागू झाला की सामना संपेपर्यंत सुटत नाही. सर्व्हिस एकेका गुणाने बदलते, आणि समोरच्या खेळाडूने तेरा वेळा चेंडू बिनचूक परत केला की गुण तिचा. म्हणजे जिची सर्व्हिस तिने त्याआधी मारून गुण घ्यायचा. ते तेरा मोठ्याने मोजायला एक माणूस लागतो. निशांतने सभागृहात नजर फिरवली तशी बरीच माणसे फोनमध्ये शिरली.

"मी बसतो," रेखाचा नवरा गुरुदत्त उठला. रुसैलच्या एका कारखान्यात तो भांडारपाल होता. "दिवसभर खोकी मोजतो, त्यात हे तेरा काय."

"बायकोच्या मॅचला नवरा?" मागून कोणीतरी म्हणाले.

"गुरुभाव मना भावासारखे," गुलबानूने सांगून टाकले. "बसू दे. नाय तर त्या पोरी घुंगरं घेऊन आत येतील."

तिसरा गेम गुलबानूने घेतला, चौथा रेखाने. न मारणाऱ्या दोन बायकांना मारायला लावले की जे होते ते होत राहिले: चेंडू जाळीत गेले, छताच्या पंख्यापर्यंत गेले, एक निशांतच्या चहात पडला. पाचव्या गेममध्ये मात्र हसणे थांबले. नऊ-नऊवर रेखाच्या सर्व्हिसवर गुलबानूचा परतीचा चेंडू बाहेर गेला. दहा-नऊ. आता सर्व्हिस गुलबानूची. रेखाने तेरा वेळा चेंडू परत केला की संपले.

"एक," गुरुदत्त म्हणाला. "दोन. तीन."

पाचव्या चेंडूला रेखाचा हात चुकला. चेंडू उंच गेला आणि गुलबानूच्या उजव्या हाताशी अगदी ताटात वाढल्यासारखा उतरला. एवढा वेळ असा चेंडू तिने सोडला नव्हता. या वेळी तिने तो नुसता ढकलून दिला. सातवाही तसाच. रेखाच्या मानेवरून घामाचा ओघळ खाली गेला.

"आठ... नऊ... अकरा... बारा..."

मागे लोक टाळ्यांनी ठेका धरून ओरडत होते. रेखाने आणखी एक चेंडू पलीकडे टाकला.

"तेरा!"

गुरुदत्त खुर्चीवरून उठूनच ओरडला. खुर्च्या सरकल्या, कोणीतरी शिट्टी मारली. रेखाची मुलगी अंतरा पळत येऊन तिच्या गळ्यात पडली. "आई, यू डिड इट!"

रेखाने तिचे हात सोडवले. "बारा झाले," ती म्हणाली.

"काय काकू?"

"बारा झाले, निशांत. नऊनंतर यांनी अकरा म्हटलं."

सगळे गुरुदत्तकडे पाहू लागले. तो उभाच होता. "दहा म्हणायचं राहिलं असेल," तो हळूच म्हणाला. "असेल. मला नाही आठवत गं. घसा कोरडा पडला होता."

निशांतने फोनवर नियमावली उघडली, खालीवर केली आणि बंद केली. "काकू, मोजणाऱ्याचा कॉल झाला. समोरच्या खेळाडूची तक्रार असेल तर वेगळं. आंटी, तुमची आहे तक्रार?"

"नाय," गुलबानू म्हणाली. "त्यांनी तेरा सांगितलान ना? मग तेरा."

रेखा टेबलाला वळसा घालून तिच्यासमोर जाऊन उभी राहिली. "तू मोजलेस की नाही?"

"मी कशाला मोजू?"

"बावीस वर्षं माझे गुण तूच मोजतेस. मी दोन सांगितले की तू म्हणतेस दीड. किती झाले?"

गुलबानूने टेबलावरची नसलेली धूळ बोटाने पुसली. मग आजूबाजूच्या लोकांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाली, "मी मंगळवारी जातंय, गो. माजी सात हायत. एकदा घे ना तू. माजा काय जातंय त्यात?"

"आणि माझं काय राहतं?"

"नाव राहतं."

"मी ते रोज जिन्यात वाचायचं," रेखा म्हणाली. "आणि तू तिकडे राजिवड्याला हारूनभाईंना सांगायचं, दिलं मी तिला एक. असंच ना?"

गुलबानूचे ओठ आवळले गेले. कपाळावरची शीर दिसू लागली. निशांतकडे न बघताच ती म्हणाली, "बारा झालेले. परत खेळव."

"आई, व्हाय?" अंतरा पुटपुटली. गुरुदत्तने तिला शेजारी बसवले आणि आपण खुर्चीच्या कडेवर टेकला. या वेळी तो प्रत्येक आकड्याला एक बोट दुमडणार होता.

दहा-नऊ. गुलबानूने सर्व्हिस केली. "एक," गुरुदत्त म्हणाला, "दोन," आणि तिसरा आकडा त्याच्या तोंडातून निघायच्या आत चेंडू रेखाच्या कोपराजवळून गेला. रेखाने तो पाहिलासुद्धा नाही. गुलबानूने इतक्या रागाने मारलेला चेंडू त्या सभागृहात कोणीच पाहिला नव्हता. दहा-दहा.

आता सर्व्हिस रेखाची होती. तिने वाट पाहिली, सवयीने, आठपर्यंत. नवव्याला तिने पाय पुढे टाकला आणि मारले. चेंडू टेबलावर पडला. गुलबानूने कसाबसा तो वर उचलला. रेखाने पुन्हा मारले. खांद्यातून, कमरेतून, कुठल्यातरी अनोळखी ठिकाणाहून तो फटका आला. चेंडू बोटभर बाहेर पडला. काही क्षण तिला गुणांची आठवणच राहिली नाही. हात नुसता झिणझिणत होता, आणि ते चांगले वाटत होते.

दहा-अकरा. गुलबानूने मारले, रेखाने परत केले. पुन्हा मारले, पुन्हा परत केले. तिसरा फटका कोपऱ्यात पडला. रेखाची बॅट पोचली होती, पण चेंडू तिच्या कडेला लागून बाजूला उडाला.

टाळ्या वाजल्या, थोड्या उशिराने. निशांतने आकडे लिहून घेतले. दोघींनी हस्तांदोलन केले. दोघींचेही हात ओले होते.

"आठ," गुलबानू म्हणाली.

"आठ," रेखा म्हणाली.

फोटो झाले, समोसे आले. मुली घुंगरांसकट आत शिरल्या आणि टेबलाची जाळी निघण्याआधीच रांगेत उभ्या राहिल्या. गुरुदत्त खुर्च्या एकावर एक चढवत होता. भिंतीशी गुलबानू पाठमोरी उभी होती. अबायाची एक बाही तिने घातली होती. दुसरी मागे लोंबत होती आणि उजवा हात तिथवर जात नव्हता. रेखा जवळ गेली.

"खांदा?"

"तूच मार म्हणालीस ना," गुलबानू म्हणाली. "मंगळवारी बॅगा कोन उचलनार आता?"

"हारूनभाई उचलतील."

"ते? त्यांना त्यांचा पोट उचलत नाय."

रेखाने लोंबणारी बाही उचलली, आतून हात घालून उलगडली आणि तिच्या कोपराच्या खाली, जिथवर तो हात येऊ शकत होता तिथे धरली. पलीकडे मुलींनी पहिला ताल धरला. गुलबानूने दात आवळून हात थोडा मागे घेतला, थांबली, पुन्हा घेतला. रेखा बाही धरून उभी राहिली.